रहस्यकथेचा वेग, इतिहासाचा आव

'द दा विंची कोड'चा विषय निघाला की पुण्यात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, ''हातातून खाली ठेववत नाही.'' दुसरं, ''पण त्यात खरं किती आहे हो?'' पहिल्या वाक्याशी सहसा कुणी वाद घालत नाही. ज्यांना पुस्तक आवडलं नाही तेसुद्धा ''संपवलं मात्र एका बैठकीत'' असं जरा ओशाळून कबूल करतात. दुसऱ्या वाक्यापाशी मात्र वाचकांच्या वाटा फुटतात. कुणी म्हणतं, कादंबरीला खरं-खोटं विचारायचंच कशाला? कुणी म्हणतं, चर्चने दडवलं होतं ते या माणसाने बाहेर काढलं. आणि कुणाला वाटतं की आपल्या श्रद्धेची जगभर जाहीर टवाळी झाली.

डॅन ब्राऊन यांची ही कादंबरी १८ मार्च २००३ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिच्या आठ कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या. पुण्यात ती आली तेव्हा कॅम्पात मोलेदिना रस्त्यावरचं 'मॅनीज' अजून चालू होतं (ते २०१२ मध्ये बंद झालं), डेक्कनवर 'इंटरनॅशनल' आणि 'पॉप्युलर' होतीच. दुकानातली किंमत ज्यांच्या खिशाला झेपत नव्हती त्यांच्यासाठी फूटपाथवर पायरेटेड प्रतींचे ढीग होते. पुढे मेहता पब्लिशिंग हाऊसने मराठी अनुवाद काढला आणि पुस्तक पेठांतल्या वाचनालयांत जाऊन बसलं. एरवी इंग्रजी थरारकथांच्या वाटेला न जाणारा वाचकही मग त्याला मिळाला.

आज वीसेक वर्षांनी वादाची धग गेली आहे. आता या पुस्तकावरची सगळ्या बाजूंची मतं शेजारी शेजारी मांडून पाहता येतात. तशी मांडली की डॅन ब्राऊनपेक्षा वाचकाबद्दल जास्त कळतं. श्रद्धास्थानाला हात घालणारी कादंबरी आपण कोणत्या मापाने मोजतो, आणि ते श्रद्धास्थान कुणाचं आहे यावर माप बदलतो का, हा खरा प्रश्न आहे.

कथा कुणाची?

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अभिरक्षकाचा खून होतो. मरण्याआधी तो सांकेतिक खुणा ठेवून जातो. हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन आणि पोलीस खात्यातली सांकेतिक लिपीची जाणकार सोफी नव्हू त्या खुणांच्या मागे धावतात. एक रात्र आणि तिच्यामागून येणारा दिवस, एवढ्या वेळात शंभरावर छोटी प्रकरणं. प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडलेलं की पुढचं उघडल्याशिवाय दिवा मालवता येत नाही. या धावपळीच्या पोटात एक दावा आहे: येशू ख्रिस्ताचं मग्दालिया मरियेशी लग्न झालं होतं, त्यांचा वंश फ्रान्समध्ये टिकला, 'पवित्र चषक' म्हणजे तो वंशच, चर्चने हे सत्य शतकानुशतकं दडपलं आणि 'प्रायरी ऑफ सायन' नावाच्या गुप्त मंडळाने ते जपलं.

ही कल्पना ब्राऊन यांची नाही. मायकल बेजंट, रिचर्ड ली आणि हेन्री लिंकन या तिघांच्या 'होली ब्लड, होली ग्रेल' या १९८२ च्या पुस्तकात ती सविस्तर आली होती. कादंबरीतल्या लेय टीबिंग या पात्राच्या नावातच त्यांतल्या दोघांची आडनावं दडवली आहेत. बेजंट आणि ली यांनी लंडनच्या न्यायालयात प्रकाशकावर दावा लावला. ७ एप्रिल २००६ रोजी न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी तो फेटाळला, आणि निकालपत्रातल्या तिरप्या अक्षरांत स्वतःचाही एक सांकेतिक संदेश दडवून ठेवला. दाव्यातली गोम अशी की फिर्यादींनी आपलं पुस्तक इतिहास म्हणून लिहिलं होतं. इतिहासातल्या घटनांवर आणि ढोबळ सिद्धांतांवर कुणाची मालकी चालत नाही. ''हे आमचं आहे'' असं ठासून सांगायचं तर ''हे आम्ही रचलं'' असं म्हणावं लागलं असतं, आणि तसं म्हटलं की पुस्तकाचा पायाच निखळला असता.

ते एक पान

वादाचं मूळ शोधायला फार पुढे जावं लागत नाही. कथा सुरू होण्याआधी 'वस्तुस्थिती' अशा मथळ्याचं एक पान आहे. प्रायरी ऑफ सायन ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी संस्था आहे, न्यूटन, बोतिचेल्ली, व्हिक्टर ह्यूगो, लिओनार्दो असे तिचे सभासद असल्याची कागदपत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली आहेत, 'ओपस दाय' ही कॅथलिक संघटना अस्तित्वात आहे, आणि कादंबरीतली कलाकृती, वास्तू, दस्तऐवज व गुप्त विधी यांची वर्णनं अचूक आहेत, असं हे पान सांगतं.

आता एकेक तपासू. प्रायरी ऑफ सायन ही संस्था पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १९५६ मध्ये नोंदवली. 'सायन' हे नावही जेरुसलेमवरून नव्हे, फ्रान्समधल्याच एका टेकडीवरून आलं. राष्ट्रीय ग्रंथालयात कागदपत्रं होती हे खरं, पण ती बनावट होती आणि १९६० च्या दशकात प्लांतारच्या मंडळींनीच तिथे नेऊन ठेवली होती. १९९३ मध्ये न्यायाधीशांसमोर प्लांतारने हा सगळा बनाव असल्याचं मान्य केलं. म्हणजे कादंबरी निघायच्या दहा वर्षं आधी 'वस्तुस्थिती'चा पहिला खांब कोसळलेला होता.

ओपस दाय मात्र खरोखरच आहे. स्पेनमध्ये १९२८ साली ती स्थापन झाली. पण तिच्यात मठवासी संन्यासी नसतात, त्यामुळे खून करत हिंडणारा झगाधारी सायलस कल्पनेतलाच. लूव्रसमोरच्या काचेच्या पिरॅमिडमध्ये कादंबरी ६६६ तावदानं मोजते, कारण तो आकडा बायबलमध्ये सैतानी श्वापदाचा आहे. संग्रहालयाच्या हिशेबाने ती ६७३ आहेत. इसवी सन ३२५ च्या नायसिया परिषदेत येशूचं देवपण काठावरच्या मतदानाने ठरलं, असं टीबिंग सांगतो. येशूला प्रभू मानणं त्याआधी अडीचशे वर्षांहून जुन्या पौलाच्या पत्रांत सापडतं, आणि परिषदेत जमलेल्या शेकडो बिशपांपैकी ठरावावर सही करायला अखेरपर्यंत नकार देणारे दोनच निघाले.

सर्वांत बोलकं उदाहरण फिलिपच्या शुभवर्तमानाचं. इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ १९४५ मध्ये सापडलेल्या हस्तलिखितांत ते आहे. येशू मग्दालियेचं कुठे चुंबन घेत असे, हे सांगणारं वाक्य त्यात आहे, आणि नेमकी 'कुठे' ही जागा जिथे असायला हवी तिथे पपायरसला भोक पडलेलं आहे. टीबिंग ते भोक बेधडक भरून टाकतो, वर त्या मजकुराच्या अरामी भाषेचा दाखला देतो. हस्तलिखित आहे कॉप्टिक भाषेत. कादंबरीकाराने भोक भरायला हरकत काही नाही, त्याचा धंदाच तो. पण भरलेली जागा मूळ म्हणून दाखवली की हरकतीला जागा होते.

वाचक काय म्हणतात

वाचकांचा पहिला आणि सर्वांत मोठा गट वेगावर खूश असलेल्यांचा. रेल्वेत, रात्री जागून, परीक्षेच्या तोंडावर अभ्यासाच्या पुस्तकाआड त्यांनी ही कादंबरी वाचली. त्यांना धर्माशी देणंघेणं नव्हतं. कोडं सुटताना मिळणारा आनंद त्यांना पुरेसा होता. पुस्तक संपल्यावर निम्मा तपशील ते विसरलेही.

दुसरा गट 'ज्ञान मिळालं' म्हणणाऱ्यांचा. पुण्यात हा गट चांगलाच भरभक्कम आहे. निव्वळ करमणूक म्हणून वाचणं आपल्याकडे जरा कमीपणाचं मानतात, पुस्तकातून 'काहीतरी मिळालं' पाहिजे. या वाचकांनी फिबोनाची संख्या, सुवर्ण गुणोत्तर, मंदिर-सरदार म्हणजे टेम्प्लर योद्धे आणि मिलानच्या भिंतीवरचं 'अंतिम भोजन' हे सगळं याच कादंबरीतून घेतलं. त्या चित्रात येशूच्या उजवीकडे बसलेली आकृती स्त्रीची आहे, हे अनेकांना तेव्हापासून 'माहीत' आहे. तो तरुण, मिसरूडही न फुटलेला योहान आहे आणि त्या काळच्या इटालियन चित्रांत तो असाच दिसतो, हे मात्र त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. कलेच्या इतिहासाची गोडी या पुस्तकाने लावली हे त्याचं श्रेय, आणि ती गोडी चुकीच्या पाठ्यपुस्तकातून लागली हा त्याचा दोष.

तिसरा गट साहित्य गंभीरपणे घेणाऱ्यांचा. त्यांचा आक्षेप धर्माशी नव्हता, भाषेशी होता. पात्रं पुठ्ठ्याची, संवाद म्हणजे व्याख्यानं, उपमा ओढूनताणून आणलेल्या. सलमान रश्दींनी ही कादंबरी इतकी वाईट ठरवली की वाईट कादंबऱ्यांचीही तिने बदनामी केली. धर्मनिंदेच्या आरोपावरून ज्यांच्या जिवावर बेतलं, त्या लेखकाने धर्माचा मुद्दा बाजूला ठेवून पुस्तकाला लेखन म्हणून नापास करावं, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

चौथा गट स्त्री वाचकांचा नव्हे, पण स्त्रीच्या बाजूने वाचणाऱ्यांचा म्हणता येईल. चर्चने मग्दालियेला पापिणी ठरवून मागे ढकललं, हा कादंबरीतला आरोप त्यांना पटला. इथे ब्राऊन यांच्या हाती थोडं सत्य आहे. इसवी सन ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात मग्दालिया आणि शुभवर्तमानातली निनावी पापिणी एकच असल्याचं सांगितलं, आणि पश्चिमेच्या चर्चमध्ये हा समज सुमारे चौदाशे वर्षं चालला. १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने उपासनेच्या दिनदर्शिकेत ती गफलत दुरुस्त केली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. मूळ शुभवर्तमानांत पुनरुत्थित येशू पहिल्यांदा दिसतो तो तिलाच. हे मराठीतून वाचायची सोयही नवी नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेला बायबलचा साधा मराठी अनुवाद त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पुरा छापून निघाला. तो उघडला की मग्दालियेचं मोठेपण लग्नावाचूनही दिसतं. गंमत अशी, की तिला न्याय द्यायला निघालेली कादंबरी शेवटी तिला कुणाची तरी पत्नी आणि कुणाची तरी आई एवढ्यावरच आणून ठेवते.

पाचवं मत खास इथलं आहे. हिंदू वाचकांपैकी अनेकांना हा वाद कळलाच नाही. ''लग्न झालं असेल तर बिघडलं काय?'' हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. आमचे देव संसारी. रामाला सीता आहे, शंकराला पार्वती. पंढरीच्या विठोबाची रखुमाई तर रुसून दिंडीरवनात जाऊन बसते आणि देव तिची समजूत काढायला मागोमाग जातो. अशा घरात वाढलेल्याला देवाचं लग्न हा अपमान वाटायचा कसा?

पण या प्रश्नात एक घसरण आहे. ख्रिस्ती वाचकाचं दुखणं लग्नापाशी थांबत नव्हतं. येशू देव नव्हता, त्याला राजकारणासाठी देव केलं गेलं आणि दोन हजार वर्षं पिढ्यान्‌पिढ्यांना फसवलं गेलं, असं कादंबरी म्हणते. तेच वारकऱ्याच्या भाषेत मांडून पाहावं: तुमची वारी, तुमची गाथा हे सगळं कुणीतरी रचलेलं कारस्थान आहे, आणि ते सांगणारी कादंबरी पहिल्याच पानावर 'यातली कागदपत्रं अस्सल आहेत' अशी हमी देते आहे. मग 'बिघडलं काय' हा प्रश्न तितक्या सहज तोंडातून निघणार नाही.

सहावा गट ख्रिस्ती वाचकांचा, आणि तोही एकजिनसी नाही. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या जेमतेम एक टक्का. पण पुणे हे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं मोठं केंद्र आहे. नगर रस्त्यावर पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ, बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी, शनिवार पेठेत जेझुइटांचं स्नेहसदन. धर्मशास्त्र शिकलेल्यांना ही कादंबरी फारशी टोचली नाही. नाग हम्मादी, नायसिया, आरियसचा पंथ हे सगळं त्यांच्या अभ्यासक्रमातलंच, त्यामुळे ब्राऊन कुठे गडबडले हे त्यांना पानागणिक दिसत होतं. टोचली ती साध्या भाविकाला. कचेरीतला सहकारी डबा खाताना सहज विचारायचा, ''काय हो, तुमच्या येशूचं लग्न झालं होतं म्हणे?'' उत्तर द्यायला त्याच्याकडे श्रद्धा होती, संदर्भ नव्हते.

दोन फळ्या

हे पुस्तक इतकं का झोंबलं आणि इतकं का पटलं, याचं उत्तर मराठी वाचकाला आपल्याच वाचनालयात सापडेल. तिथे पूर्वापार दोन फळ्या आहेत. एका फळीवर रहस्यकथा: बाबूराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर, शेजारी भयकथांचे नारायण धारप. झुंजार किंवा फिरोज इराणी खरोखर होऊन गेला असं कुणी मानलं नाही. रात्री वाचायचं, सकाळी परत करायचं. समीक्षकांनीही या फळीकडे ढुंकून पाहिलं नाही.

दुसऱ्या फळीवर ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्या: 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'मृत्युंजय', 'छावा', 'पानिपत'. या वाचताना वाचक जरा सावरून बसतो. थोरले माधवराव पेशवे म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे रणजित देसाईंचे माधवराव उभे राहतात. कर्ण म्हटलं की शिवाजी सावंतांचा. महाभारतातला कर्ण कसा आहे हे तपासून पाहणारे विरळाच. या फळीला आपण करमणूक म्हणत नाही, तिला इतिहासाचा मान देतो. वादविवादात कादंबरीचा हवाला पुरावा म्हणून देणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

डॅन ब्राऊन यांनी या दोन्ही फळ्या एकत्र केल्या. वेग अर्नाळकरांच्या फळीवरचा घेतला आणि अधिकार 'स्वामी'च्या फळीवरचा. वेगामुळे वाचकाला थांबून तपासायची उसंत मिळत नाही, आणि अधिकारामुळे तपासायची गरज वाटत नाही. 'वस्तुस्थिती'चं पान त्यावर शिक्का मारतं. म्हणूनच ''कादंबरी आहे, सोडून द्या'' हा बचाव अर्धाच टिकतो. कादंबरीला खोटं रचायचा पूर्ण हक्क आहे. पण रचलेलं खरं म्हणून विकलं तर त्याला इतिहासाच्या कसोटीवर घासायचा हक्क वाचकालाही मिळतो.

मे २००६

पुस्तक भारतात तीन वर्षं बिनबोभाट विकलं जात होतं. गदारोळ उठला तो रॉन हॉवर्ड यांचा, टॉम हँक्स असलेला चित्रपट आला तेव्हा. मुंबईत एका कॅथलिक संघटनेच्या प्रमुखांनी उपोषण केलं. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी कॅथलिक प्रतिनिधींसह चित्रपट पाहिला. शर्मिला टागोर तेव्हा सेन्सॉर मंडळाच्या अध्यक्ष होत्या. 'केवळ प्रौढांसाठी' असं प्रमाणपत्र आणि 'ही कल्पित कथा आहे' अशी पाटी, एवढ्यावर तडजोड झाली. जगात १९ मे रोजी लागलेला चित्रपट भारतात आठवड्याने, २६ मे रोजी लागला.

ती पाटी महत्त्वाची होती. लेखकाने पहिल्या पानावर जी हमी दिली होती, तिच्या नेमकं उलट विधान पडद्यावर आलं. आक्षेप घेणाऱ्यांची मागणी तिथे बऱ्याच अंशी पुरी झाली होती. तरीही नागालँड, पंजाब, गोवा, तमिळनाडू, आंध्र प्रदेश अशा राज्यांनी बंदी घातली. महाराष्ट्राने घातली नाही. सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घालण्याची मागणी मान्य केली नाही, आणि आंध्र व मद्रास उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यांतल्या बंद्या पुढे रद्द केल्या. सेन्सॉर मंडळाने पाहून मंजूर केलेला चित्रपट काहींची हरकत आहे एवढ्यावरून सरकारला अडवता येत नाही, हा त्यामागचा विचार होता.

त्या दिवसांत पुण्यातल्या सुशिक्षित गप्पांचा सूर ठरलेला होता: ''एका सिनेमाने दोन हजार वर्षांचा धर्म बुडतो का?'' वाक्य बिनतोड आहे. पण ते उच्चारणाऱ्या शहराचं स्वतःचं खातंही उघडून पाहायला हवं.

आपलं खातं

अवघी दोन वर्षं आधी, ५ जानेवारी २००४ रोजी, संभाजी ब्रिगेडच्या जमावाने विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची मोडतोड केली होती. निमित्त होतं जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या इंग्रजी पुस्तकाचं. त्यात महाराजांच्या जन्माविषयी एक ऐकीव, अवमानकारक उल्लेख होता. प्रकाशकाने पुस्तक आधीच बाजारातून मागे घेतलं होतं. संस्थेचा गुन्हा एवढाच की लेखकाने ऋणनिर्देशात तिचं नाव घेतलं होतं. तत्पूर्वी संस्थेशी संबंधित एका संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळं फासण्यात आलं होतं. राज्य सरकारने पुस्तकावर घातलेली बंदी २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

ज्या वास्तूत ही मोडतोड झाली तिथे १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. देशभरातली बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून, कोणता श्लोक जुना, कोणता मागाहून घुसला, हे पंडितांनी पाठभेदांसह मांडलं. अनेकांच्या आवडत्या प्रसंगांची रवानगी तळटिपांत झाली. नाग हम्मादीच्या हस्तलिखितावर अभ्यासक करतात तेच हे काम. आपल्या धर्मग्रंथांची इतकी परखड तपासणी याच शहराने करून दाखवली आणि तिचा गौरवही केला.

इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही पुण्यातलंच. युधिष्ठिर विदुराचा मुलगा असावा, अशी शक्यता त्यांनी त्यात मांडली. धर्मराजाच्या पितृत्वावर शंका! पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि आजही ते आवडीने वाचलं जातं. कारण इरावतीबाई आपला तर्क कुठून कुठे जातो हे वाचकाला दाखवतात. जिथे अंदाज आहे तिथे अंदाज म्हणतात. पटलं नाही तर वाद घालायला वाचकाला जागा ठेवतात. भोक बुजवून वर रंग मारत नाहीत.

पुढची नोंद २००८-०९ ची. आनंद यादवांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीतलं तुकोबांच्या तरुणपणाचं चित्रण वारकऱ्यांना सहन झालं नाही. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं गेलं, तरी विरोध शमला नाही. महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर निवडून आलेल्या यादवांना राजीनामा द्यावा लागला आणि मार्च २००९ मध्ये संमेलन अध्यक्षाविनाच पार पडलं. 'संतसूर्य तुकाराम'चे प्रकाशक मेहताच, म्हणजे 'दा विंची कोड' मराठीत आणणारेच. त्यांच्या यादीतली ख्रिस्तावरची कादंबरी वाचनालयात सुखाने राहिली आणि तुकोबांवरची परत गेली. यातल्या कोणत्या कादंबरीने मूळ पुराव्याशी जास्त मोकळीक घेतली, हे मोजायला कुणी बसलं नाही. मोजलं गेलं ते अंतर: तुकोबा आपले, येशू त्यांचा.

ही सवय जुन्या पिढीपुरती नाही. २०२५ मध्ये 'छावा' कादंबरीवरचा हिंदी चित्रपट आला. संभाजी महाराजांच्या लेझीमनृत्याचं दृश्य प्रदर्शनाआधीच कापावं लागलं, आणि प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर आक्षेप घेतला तेव्हा दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. सगळा वाद इतिहासाच्या नावाने झाला, आणि आधार होता कादंबरीचा.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. अमीश यांनी २०१० मध्ये 'मेलुहा'तून शंकराला तिबेटातून आलेला हाडामांसाचा माणूस केलं आणि कुणी दगड उचलला नाही. लेखकाची भक्ती पानापानांतून दिसत होती, म्हणून मोकळीक चालून गेली. अश्विन सांघी यांची 'रोझाबल लाइन' येशूला थेट श्रीनगरच्या कबरीपर्यंत आणते. ती भारतीय वाचकाने मजेत वाचली, तिच्यावरून मोठा गदारोळ झाला नाही. वादाचं गणित निव्वळ मजकुरावर सुटत नाही. लेखक आतला आहे की बाहेरचा, सूर आदराचा आहे की कुचेष्टेचा, आणि त्या वेळी कुणाला राजकारण करायचं आहे, या तिन्हींचा त्यात हिशेब असतो.

उत्तर कशाने द्यावं

जगात या कादंबरीला दोन प्रकारची उत्तरं मिळाली. लेबनॉनने २००४ मध्ये पुस्तकावर बंदी घातली. २००५ मध्ये जेनोआचे कार्डिनल तार्चिसिओ बेर्तोने यांनी ते वाचू नका, विकत घेऊ नका, असं आवाहन केलं. खप वाढतच राहिला.

दुसऱ्या प्रकारचं उत्तर पॅरिसच्या सेंट सुल्पिस चर्चने दिलं. कादंबरीत तिथल्या जमिनीतली पितळी रेघ म्हणजे मूर्तिपूजकांच्या देवळाचा अवशेष आणि गूढ 'गुलाबरेषा' आहे. ती पाहायला पर्यटकांची रीघ लागली. चर्चने त्यांना हाकललं नाही, एक सूचना लावली: एका खपाऊ कादंबरीत म्हटलं आहे तसं काही इथे नाही, ही रेघ अठराव्या शतकातल्या खगोलीय उपकरणाचा भाग आहे. कादंबरीचं नावही न घेता काम झालं. रेघ पाहायला आलेला माणूस गूढाऐवजी खगोलशास्त्र शिकून गेला. अमेरिकेत बार्ट एर्मन यांच्यासारख्या नव्या कराराच्या अभ्यासकाने, जो स्वतः श्रद्धावानांच्या बाजूचा वकील नाही, अख्खं पुस्तक लिहून कादंबरीतल्या ऐतिहासिक चुका वेगळ्या काढल्या.

मराठीत अशा उत्तरासाठी लागणारी सामग्री होती. 'निरोप्या'सारखं १९०३ पासूनचं ख्रिस्ती मासिक होतं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे प्रसन्न मराठी लिहिणारे धर्मगुरू होते. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला पुढे साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण सर्वसाधारण मराठी वाचकाच्या हाती कादंबरीचा अनुवाद जितक्या सहज पडला, तितक्या सहज तिचं खंडन पडलं नाही. थरारकथा प्रत्येक वाचनालयात असते आणि तिच्यावरचं टिपण कुठल्या तरी विशेषांकात. ही उणीव संपादकांची आणि प्रकाशकांची आहे. अशा अनुवादाला चार पानांची जाणकाराची प्रस्तावना जोडली तर कादंबरीची गंमत रतिभर कमी होत नाही, आणि 'त्यात खरं किती आहे हो?' या प्रश्नाला पुस्तकातच उत्तर मिळतं.

सगळी मतं जमेस धरून निवाडा द्यायचा तर तो असा. रहस्यकथा म्हणून 'दा विंची कोड' पास, तीही चांगल्या गुणांनी. साहित्य म्हणून काठावर. इतिहास म्हणून साफ नापास, आणि इतिहासाच्या परीक्षेला ती लेखकाच्याच आग्रहाने बसली होती, त्यामुळे या निकालाबद्दल त्याने तक्रार करू नये. ख्रिस्ती वाचकाचा राग खरा होता, बंदीची मागणी चुकीची होती, आणि ''आम्हाला तर काहीच वाटलं नाही'' म्हणणाऱ्या आम्हा बाकीच्यांचा समंजसपणा फुकटात मिळालेला होता. त्यासाठी आम्हाला काही सोसावं लागलं नव्हतं.

ही परीक्षा पुन्हा होणार आहे. पुढची खपाऊ कादंबरी कदाचित देहूवर असेल, आळंदीवर असेल, रायगडावर असेल. तेव्हा २००६ मध्ये शेजाऱ्याला दिलेला सल्ला आपल्यालाही लागू करता आला पाहिजे: वाचा, तपासा, चुका दाखवा, पुस्तकाला पुस्तकाने उत्तर द्या. ते जमणार नसेल, तर तेव्हाचा आपला उदारपणा म्हणजे दुसऱ्याच्या देवाबद्दलची बेफिकिरी होती, असंच म्हणावं लागेल.